दिवाणखान्यांतील समुद्र

समुद्राकांठीं गेलेला मनुष्य सहसा रिकाम्या हातानें परत येत नाहीं. मुलें खिशांत शंख-शिंपले भरतात, वडील माणसें एखादा गुळगुळीत गोटा उचलतात. आणि घरीं आल्यावर तो गोटा वाळला, म्हणजे त्याचा ओला रंग गेला कोठें, अशी हळहळ सर्वांनाच वाटते. समुद्रांतील वस्तु समुद्राबाहेर आणली कीं तिचें अर्धें सौंदर्य मागेंच राहतें. मग थोडासा समुद्रच घरीं आणतां आला तर? या प्रश्नांतूनच खाऱ्या पाण्याच्या कांचटांकीचा छंद जन्मास आला. या छंदाची हकीकत जितकी मनोरंजक आहे, तितकीच ती विचार करावयास लावणारी आहे.

सन १८४६ मध्यें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गांवीं ॲना थिन या बाई गेल्या होत्या. लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबे या प्रख्यात मंदिराच्या एका धर्माधिकाऱ्याच्या त्या पत्नी. तेथील खडकांवर त्यांना लहान लहान दगडी प्रवाळें आढळलीं. हा दगड नसून प्राणी आहे हें कळल्यावर त्यांना तीं लंडनला न्यावीशीं वाटलीं. प्रवासांत तीं एकमेकांवर आपटूं नयेत म्हणून बाईंनीं सुईदोरा घेऊन तीं एका मोठ्या स्पंजावर टांचलीं आणि समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या बरणींत ठेवून घरीं आणलीं. परंतु लंडन हें कांहीं समुद्रकांठचें शहर नव्हे. ताजें पाणी वरचेवर मिळेना. तेव्हां तेंच पाणी पुन्हां उपयोगांत आणण्यासाठीं, उघड्या खिडकीपाशीं उभें राहून एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत अर्धा-पाऊण तास ओतावयाचें, असा क्रम सुरू झाला. हें श्रमाचें काम घरांतील एक लहान दासी करीत असे. पुढें १८४७ मध्यें बाईंनीं समुद्रांतील जिवंत शेवाळ आणून त्याच भांड्यांत सोडलें, आणि पाणी सारखें बदलण्याची गरज पुष्कळ कमी झाली.

दासीच्या हातांनीं व शेवाळानें काय साधलें, हें आज शाळेंतील मुलासही सांगतां येईल. पाणी ओततांना हवेंतील प्राणवायु त्यांत मिसळतो. आणि उजेडांत वनस्पति प्राणवायु सोडते. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञानें १८५० मध्यें मासे, पाणवनस्पति व गोगलगाई एकाच भांड्यांत ठेवून हा समतोल सिद्ध करून दाखविला. कुजकीं पानें गोगलगाईंनीं खावीं, वनस्पतीनें पाणी शुद्ध ठेवावें आणि माशानें सुखानें राहावें, असा तो संसार होता. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचें या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झालें. ब्रिटनमध्यें कांचेवरील कर १८४५ मध्येंच उठला असल्यामुळें कांच स्वस्त झाली होती. मग काय विचारतां! मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यांत समुद्र अवतरूं लागला.

परंतु त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली. हातांत बादली व छिन्नी घेतलेल्या हौशी मंडळींच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या. ज्या डबक्यांत पिढ्यान् पिढ्या समुद्रफुलें फुललीं होतीं, तीं डबकीं थोड्याच वर्षांत ओस पडलीं. गॉसचा पुत्र एडमंड यानें १९०७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत या नासाडीबद्दल मनापासून खेद व्यक्त केला आहे. समुद्राची ओळख लोकांना व्हावी म्हणून ज्यानें लेखणी उचलली, त्याच्याच पुस्तकांनीं लोकांना ती वाट दाखविली होती. या छंदांत मुळापासून असलेली ही विसंगति लक्षांत ठेवूनच पुढील गोष्टींकडे पाहिलें पाहिजे.

आतां या कांचेंतल्या समुद्राचा कारभार चालतो कसा, तें पाहणें उचित होईल. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे तीनशें लिटरांच्या टांकीस साडेदहा किलो क्षार लागतात. स्वयंपाकघरांतील मीठ या कामीं चालत नाहीं. कारण समुद्राच्या पाण्यांत सोडियम व क्लोराइड यांच्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादि द्रव्यें ठराविक प्रमाणांत असतात. शंख, शिंपले व प्रवाळें यांचीं घरें कॅल्शियमचींच बनतात. म्हणून तयार मिश्रण विकत घेऊन तें शुद्ध केलेल्या पाण्यांत विरघळवावें लागतें. नळाच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरिन असतो, तो आधीं काढावा लागतो.

नवशिक्याची पहिली चूक येथेंच होते. टांकींतील पाणी रोज थोडें थोडें उडून जातें. पातळी खालीं गेलेली पाहून तो खारें पाणी ओततो. परंतु वाफ होऊन जातें तें निव्वळ पाणी. मीठ मागेंच राहतें. तेव्हां रोजची भर गोड्या पाण्याचीच घातली पाहिजे. हा नियम ज्यानें पाळला नाहीं, त्याच्या टांकींतील खारटपणा दिवसेंदिवस वाढत जातो आणि मासे कशानें मेले, हें त्याला शेवटपर्यंत कळत नाहीं. कोंकणांतील मिठागरांत नेमकी हीच क्रिया मनुष्य बुद्धिपुरस्सर घडवून आणतो. कांचटांकींत ती घडूं न देण्यासाठीं त्याला जागरूक राहावें लागतें.

दुसरी गोष्ट मलमूत्राची. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, आणि उरलेलें अन्न कुजूनही अमोनियाच होतो. हें मोठें जहाल विष आहे. अथांग समुद्रांत तें पसरून नाहींसें होतें. टांकींत तें जाणार कोठें? डोळ्यांना न दिसणारे जंतु येथें उपयोगी पडतात. एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचें नायट्रेट करतात. आणि सच्छिद्र दगडाच्या पोटांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें राहणारे तिसरे जंतु नायट्रेट फोडून निरुपद्रवी नायट्रोजन वायु मोकळा करतात. ही जंतूंची वसाहत एका दिवसांत उभी राहत नाहीं. तिला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तितके दिवस टांकींत पाणी, वाळू व दगड यांखेरीज पाहण्यासारखें कांहींच नसतें. मुलें रोज शाळेंतून येऊन विचारतात, "मासे केव्हां आणायचे?" आणि वडिलांचा धीर सुटतो. घाईनें आणलेले मासे आठवड्याच्या आंत मरतात. या छंदांतील बहुतेक मृत्यु रोगानें होत नसून उतावीळपणानें होतात, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

सच्छिद्र दगडाचें हें माहात्म्य जगाला कळण्यासही बराच काळ लागला. जकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थांनीं समुद्रांतील जीवजंतूंनीं भरलेला दगड, बेताचा प्रकाश व हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळांची टांकी चालवून दाखविली, आणि १९६१ मध्यें त्या पद्धतीचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें जर्मनीतील हौशी मंडळींनीं तिला एका यंत्राची जोड दिली. त्या यंत्राचें तत्त्व महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतील माणसाला नवीन नाहीं. गुऱ्हाळांत काहिलींतील रस उकळूं लागला म्हणजे त्याची मळी फेसाबरोबर वर येते आणि ती झाऱ्यानें काढून टाकतात. या यंत्रांतही पाण्यांत असंख्य सूक्ष्म बुडबुडे सोडतात. पाण्यांतील सेंद्रिय घाण बुडबुड्यांना चिकटून फेसाच्या रूपानें वर येते व एका पेल्यांत सांठते. तो पेला धुऊन ठेवावयाचा, एवढेंच काम यजमानाला उरतें.

तिसरी अडचण उष्णतेची. प्रवाळभित्तींतील जीवांना २४ ते २७ अंश सेंटिग्रेडचें पाणी मानवतें. थंड देशांत पाणी ऊन करावें लागतें. मुंबई-पुण्याकडे उन्हाळ्यांत तें थंड कसें ठेवावें, ही विवंचना असते. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास मातीच्या माठाप्रमाणें बाष्पीभवनानें पाणी दोन-तीन अंश निवतें. अर्थात् मग गोड्या पाण्याची भरही अधिक घालावी लागते. वीज गेली तर संकट आणखी मोठें. खाऱ्या पाण्यांत गोड्या पाण्यापेक्षां प्राणवायु कमी विरघळतो आणि ऊन पाण्यांत तर आणखीच कमी. पाणी खेळविणारा पंप थांबला म्हणजे कांहीं तासांतच मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडूं-मिटूं लागतात. अशा वेळीं बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ नसला, तर पावणेदोनशें वर्षांपूर्वीं ॲना थिनबाईंच्या दासीनें केलें तेंच करावें लागतें. हातांत भांडें घ्यावयाचें, पाणी उंचावरून ओतावयाचें आणि पुन्हां भरून घ्यावयाचें. यंत्रें कितीही आलीं, तरी तत्त्व तेंच राहतें.

परंतु तें भांडें तांब्याचें मात्र नसावें. आपल्याकडे तांब्याच्या भांड्यांतील पाणी पवित्र व आरोग्यदायक मानतात. पण कोळंबी, शंखवासी खेकडे, समुद्रफुलें, प्रवाळें अशा कणाहीन प्राण्यांना तांब्याचा अत्यल्प अंशही मारक होतो. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठणारा जो परोपजीवी रोग आहे, त्यावर ताम्रयुक्त औषध गुणकारी आहे. परंतु तें निराळ्या भांड्यांतच द्यावें लागतें. मुख्य टांकींत तें पडल्यास मासा वांचतो आणि बाकीचा संसार उध्वस्त होतो. याच कारणास्तव नवा मासा आणल्याबरोबर टांकींत न सोडतां चार ते सहा आठवडे वेगळा ठेवण्याची शहाण्या मंडळींची पद्धत आहे.

एवढे सायास करून दिसतें तरी काय? वाळूंत एक कोळंबी बीळ खणीत असते. तिची दृष्टि फार अधू. बिळाच्या तोंडाशीं एक लहान मासा पहारा करतो, आणि कोळंबी बाहेर येतांना आपली एक मिशी त्याच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसतांच मासा शेपटी हलवितो. कोळंबी आंत पळते, मागोमाग मासाही शिरतो. घर एकानें बांधावयाचें आणि राखण दुसऱ्यानें करावयाची, असा हा करार आहे. शंखवासी खेकडा मोठा होतो तसा त्याला मोठा शंख हवा असतो. रिकामा शंख टांकींत ठेवला, तर तो आधीं चिमट्यांनीं चांचपून पाहतो, आंत वळून बघतो आणि पसंत पडल्यास क्षणार्धांत बिऱ्हाड हलवितो. रिकामा शंख नसला, तर दुसऱ्याचा हिसकावून घेण्यासही तो कमी करीत नाहीं.

पांढऱ्या पट्ट्यांचा नारिंगी विदूषक मासा समुद्रफुलाच्या विषारी बाहूंमध्यें निर्धास्त वावरतो. त्याच्या अंगावरील बुळबुळीत आवरणामुळें त्याला दंश होत नाहीं. या माशांच्या कुटुंबांत सर्वांत मोठी मादी असते व तिच्या खालोखाल तिचा नर. मादी मेली तर तोच नर कालांतरानें मादी होतो आणि खालचा लहान मासा नराची जागा घेतो. प्रवाळाची गोष्ट याहून नवलाची. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवल राहतें; तें सूर्यप्रकाशांत अन्न तयार करतें व त्यांतील मोठा वांटा आपल्या घरधन्याला देतें. पाणी कांहीं आठवडे नेहमींच्या कमाल तपमानाहून एखाद्या अंशानेंही अधिक तापलें, तर हा स्नेह तुटतो. शैवल निघून जातें आणि प्रवाळ पांढरेंफटक पडतें. लक्षद्वीपच्या समुद्रांत १९९८, २०१० व २०१६ या सालीं असें घडलें. ज्यानें आपल्या टांकींत एकच प्रवाळ एका तापलेल्या आठवड्यांत पांढरें पडतांना पाहिलें आहे, त्याला अशा बातमीचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाहीं.

या सर्व गमतींच्या मागें एक प्रश्न उभा राहतो: हे जीव येतात कोठून? गोड्या पाण्यांतील शोभेचे बहुतेक मासे आज पैदास केंद्रांत वाढविलेले असतात. समुद्रांतील शोभेच्या माशांपैकीं बहुसंख्य मात्र अद्यापिही समुद्रांतूनच पकडले जातात. फिलिपाइन्समध्यें १९६० नंतर एक दुष्ट पद्धत रूढ झाली. प्रवाळांच्या फटींत सोडियम सायनाइडची पिचकारी मारावयाची आणि गुंगी आलेला मासा उचलावयाचा. मासा त्या वेळीं जगला, तरी पुष्कळदां पुढें लवकरच मरतो. आणि ज्या प्रवाळांत तो राहत होता, तीं तर जागच्या जागींच मरतात. इंडोनेशियांतील बांगाई बेटांभोंवतीं एक सुंदर काळ्या-रुपेरी पट्ट्यांचा मासा आहे. त्याचा नर अंडीं व पिलें आपल्या तोंडांत सांभाळतो. १९९४ मध्यें तो शास्त्रज्ञांच्या नजरेस नव्यानें आला, लगेच बाजारांत गेला, आणि २००७ मध्यें त्याची नोंद संकटग्रस्त जातींच्या यादींत करावी लागली. त्याचीं पिलें प्रवाहाबरोबर दूर जात नसल्यामुळें एका जागचे मासे उचलले कीं ती जागा ओसच पडते. इंग्लंडच्या किनाऱ्यावर घडलेली कथाच दीडशें वर्षांनीं पुन्हां घडली.

सुदैवानें दुसरी बाजूही आहे. तोच बांगाईचा मासा टांकींत सहज अंडीं देतो. विदूषक माशांची पैदास तर आपल्या देशांतही होते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या मंडपम व विळिंजम येथील केंद्रांनीं त्याचें तंत्र बसविलें, आणि नवी मुंबईंत ऐरोली येथेंही अशी पैदास करण्यांत आली. अमेरिकेंत २०१५ मध्यें पिवळा सर्जन मासा व २०१६ मध्यें निळा सर्जन मासा प्रथमच अंड्यापासून वाढविण्यांत यश आलें. टांकींत जन्मलेला मासा टांकींतील अन्न खातो, माणसाला भीत नाहीं आणि त्याच्यासाठीं समुद्रांतील एकही जागा रिकामी झालेली नसते.

प्रवाळांच्या बाबतींत तर भारतांतील कायदाच स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ मध्यें प्रवाळभित्ति बांधणारीं दगडी प्रवाळें, काळीं प्रवाळें, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांचा समावेश झाला. वाघाला जें संरक्षण, तेंच त्यांना. आपल्या समुद्रांतून तीं काढणें, विकणें वा घरीं बाळगणें हा गुन्हा आहे. मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांत प्रवाळें आहेत, आणि त्या भागाला १९८७ मध्यें सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यांत आलें. तेथून आठवण म्हणून एखादा तुकडा पिशवींत टाकणारा प्रवासी आपण काय करीत आहों, हें बहुधा जाणत नाहीं. म्हणून आपल्याकडील हौशी गृहस्थानें कृत्रिम सच्छिद्र दगड, पैदास केंद्रांतील दोन विदूषक मासे आणि शेवाळ खाणाऱ्या दोन-चार गोगलगाई एवढ्यावर समाधान मानावें, हें उत्तम. टांकी लहान असली, तरी पाहण्यास तेवढें पुष्कळ आहे.

मनुष्य कितपत निष्ठेनें हें काम करूं शकतो, याचें एक उदाहरण स्कॉटलंडमध्यें आहे. सर जॉन डॅलिएल या निसर्गशास्त्रज्ञानें १८२८ मध्यें नॉर्थ बेरिक येथील खडकावरून एक लहानसें लाल समुद्रफूल आणलें आणि तें कांचेच्या बरणींत ठेवलें. त्याचें पाणी नियमानें बदललें जाई, अन्नही बेतानें मिळे. १८५१ मध्यें डॅलिएल वारला. परंतु समुद्रफूल जिवंत होतें. मग एडिंबरा येथें तें एका जाणत्याच्या हातून दुसऱ्याच्या हातीं गेलें. लोक त्याला कौतुकानें 'आजी' म्हणत. आजीनें शेंकडों पिलांना जन्म दिला आणि १८८७ मध्यें, म्हणजे बरणींत एकोणसाठ वर्षें काढून, ती मेली. तिच्याजवळ ना पंप होता, ना यंत्र, ना विजेचा दिवा. जे कोणी तिचे धनी झाले, त्यांनीं तिचें पाणी बदलण्याचा कंटाळा केला नाहीं, एवढेंच.

म्हणून टांकी घेण्यापूर्वीं घरांतील मंडळींनीं एकत्र बसून दोन प्रश्न विचारावे. हा मासा कोठून आला? आणि दिवाळींत सगळें घर पंधरा दिवस गांवीं गेलें, तर रोज गोडें पाणी कोण घालणार? दोहोंचें समाधानकारक उत्तर मिळालें, तर टांकी अवश्य घ्यावी. मुलांना धीर, नियमितपणा व दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी शिकविणारी अशी दुसरी शाळा घरांत सांपडणें कठीण. उत्तर न मिळाल्यासही निराश होण्याचें कारण नाहीं. मुंबईसारख्या गजबजलेल्या शहराच्या किनाऱ्यावरही समुद्रफुलें, खेकडे व प्रवाळें आहेत; २०२० मध्यें किनाऱ्यावरील नव्या रस्त्याच्या बांधकामासाठीं वरळी व हाजी अली येथील कांहीं प्रवाळें दुसरीकडे हलवावीं लागलीं, तेव्हां पुष्कळ मुंबईकरांना हें प्रथमच कळलें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी ओहोटी लागली, म्हणजे पंचांग पाहून मुलांना तेथें न्यावें. उथळ डबक्याशीं गुडघ्यांवर बसून पंधरा मिनिटें स्वस्थ पाहावें. एखादा दगड उचलून पाहिलाच, तर तो होता तसा आणि होता तेथेंच पुन्हां ठेवावा. कारण त्याच्या खालीं कोणाचें तरी घर असतें.